कोपऱ्यावरचा कचरा: शेजारीपाजारी आम्हाला नेहमी विचारतात ते प्रश्न

लालबागमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक कोपरा आहे. तिथे वर्षानुवर्षं कचऱ्याचा ढीग असायचा. पाहुण्यांना घराची खूण सांगताना आम्ही "ढिगापाशी डावीकडे वळा" असंच सांगायचो. आता तिथे ढीग नाही. तेव्हापासून आजूबाजूच्या चाळींतून, नव्या टॉवरमधून, अगदी काळाचौकी-शिवडीकडूनही माणसं येतात आणि बहुतेक तेच तेच प्रश्न विचारतात. प्रत्येकाला जिन्यात उभ्या उभ्या सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढावं, म्हणून हे लिहायला घेतलं. यातल्या बऱ्याच गोष्टी आम्हाला आधी चुकूनच कळल्या आहेत. त्या चुकाही लिहिल्या आहेत.

वेफर्सचं एक पाकीट रस्त्यावर टाकलं तर असं काय मोठं बिघडतं?

मे महिन्याच्या शेवटी आमच्या गल्लीतल्या पावसाळी गटाराची जाळी उचलली, तेव्हा मी तिथे उभी होते. जाळीखाली वीतभर जाडीचा थर बसला होता, गोधडीसारखा. कामगाराने फावडं घातलं तरी तो तुटेना. शेवटी दोघांनी मिळून ओढून काढला आणि रस्त्यावर पसरला. गुटख्याच्या पुड्या, शाम्पूची पाकिटं, आइस्क्रीमचे चमचे, दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, रबरबँड, नारळाच्या शेंड्या, सिगारेटची थोटकं, सगळं चिखलाने एकमेकांत विणलं गेलेलं. त्यात मोठी म्हणावी अशी एकही वस्तू नव्हती. जे होतं ते सगळं टाकताना "एवढंसं" होतं.

मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या इंग्रजांच्या काळातल्या. तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने त्या बांधल्या होत्या. पुढे रुंदीकरण झालं, ब्रिटानिया, लव्हग्रोव्ह, हाजी अलीसारखी उदंचन केंद्रं, म्हणजे पाणी उपसणारी पंपिंग स्टेशनं आली. तरी मोठ्या भरतीच्या वेळी समुद्र पाणी आत घेत नाही आणि शहराचं पाणी शहरातच थांबतं. आमच्या शेजारचं हिंदमाता तर बशीसारखं खोलगट. तिथलं पाणी साठवायला परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली प्रचंड टाक्या बांधल्या. पण पाणी कुठल्याही टाकीपर्यंत जायचं तर आधी रस्त्याकडेच्या जाळीतून खाली उतरायला हवं, आणि जाळीत ती गोधडी असेल तर ते उतरत नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढं पाणी कुठल्याच गटाराच्या आवाक्यातलं नव्हतं, हे खरंच आहे. पण असा पाऊस रोज पडत नाही. दर वर्षी आपल्या दारात पाणी येतं ते साध्या, तासा-दोन तासांच्या सरीने. तिथे मोकळी जाळी आणि तुंबलेली जाळी यांत घोट्याएवढं पाणी आणि गुडघ्याएवढं पाणी इतका फरक पडतो. आम्ही तो सलग दोन पावसाळे पाहिला आहे.

पाणी तुंबलं तर तुंबलं, चार तासांनी उतरतंच ना?

पाणी उतरतं, दुखणी राहतात. खरकटं रस्त्यावर पडलं की उंदीर-घुशी वाढतात. त्यांच्या लघवीतले लेप्टोस्पायराचे जंतू तुंबलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायाला साधी भेग किंवा ओरखडा असला तरी अंगात शिरतात. २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली होती. म्हणून अशा पाण्यातून चालावं लागलं, तर ताप यायची वाट न पाहता ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे किंवा पालिकेच्या दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा. गोळी आपल्या मनाने घेऊ नका. गरोदर बायका आणि लहान मुलांच्या बाबतीत तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको.

डेंग्यूचा एडिस डास मात्र स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. त्याला डबकं लागत नाही. बाटलीचं झाकण, शहाळ्याची करवंटी, चहाचा कप, थर्माकोलचा तुकडा एवढंही पुरतं. पत्र्यावर आणि हाऊस गल्लीत, म्हणजे दोन इमारतींमधल्या बोळीत, पडलेल्या अशा वस्तूंकडे कुणाचं लक्षच जात नाही.

आम्ही कर भरतो. साफसफाई हे महापालिकेचं काम नाही का?

आहेच. गाडी आली नाही, कामगार कमी पडले, जाळी उघडी राहिली, तर १९१६ वर तक्रार करा, तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा आणि वॉर्ड ऑफिसात जाऊन पाठपुरावा करा. आम्ही तो करतो आणि त्यात काहीही गैर मानत नाही.

पण मुंबईत रोज साधारण साडेसहा ते सात हजार टन कचरा निघतो. आमच्या गल्लीत सफाई कामगार सकाळी सहाला झाडू मारतात. आठला रस्ता आरशासारखा असायचा आणि दहाला तो पुन्हा तसाच दिसायचा. एकदा तिथल्या कामगार ताई मला म्हणाल्या, "वहिनी, मी केलेलं काम तुम्हाला कधी दिसतच नाही, कारण तुम्ही उठून खाली येईपर्यंत ते राहात नाही." त्यानंतर ही तक्रार मी पूर्वीच्या आवाजात केली नाही.

कचरा नेमका त्याच कोपऱ्यावर का पडतो?

आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि तोच कमी विचारला जातो. लोकांना वळण नाही, शिस्त नाही असं म्हणून आम्हीही बरीच वर्षं गप्प बसलो. मग एकाने सुचवलं की आधी बघूया तरी. समोरच्या घराच्या गॅलरीत पाळ्या लावून आठ दिवस वही घेऊन बसलो. नावं लिहायची नाहीत, फक्त वेळ आणि काय टाकलं ते लिहायचं, असं आधीच ठरलं होतं.

वही वाचल्यावर चित्र पार बदललं. सकाळी साडेसहा ते साडेसात या वेळेत पिशव्या पडत होत्या त्या कामावर निघालेल्या माणसांच्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातात कचऱ्याची पिशवी. कचऱ्याची गाडी यायची साडेनऊला, तेव्हा या घरांना कुलूप असायचं. घरात पिशवी ठेवली तर संध्याकाळपर्यंत वास आणि मुंग्या. मग ती माणसं करणार काय? दुपारी बाराच्या सुमाराला टॉवरमध्ये घरकाम करणाऱ्या ताई यायच्या. सोसायटीत दहानंतर कचरा घेत नव्हते आणि मालकीण म्हणायची, जाताना घेऊन जा. रात्री अकरानंतर दुकानांची शटरं ओढली की पुठ्ठे आणि खरकटं. बाहेरून कुणी गाडीतून येऊन टाकतं, अशी आमच्याकडे पक्की समजूत होती. आठ दिवसांत असा माणूस एकदाच दिसला.

मग त्या जागेकडे नीट पाहिलं. खांबावरचा दिवा बंद. एका अंगाला गिरणीची जुनी भिंत. एकही दार किंवा खिडकी त्या बाजूला उघडत नाही. पन्नास पावलांवर मारुतीचं देऊळ आहे, त्याच्या पायरीवर कधी कुणी पिशवी ठेवली नव्हती, कारण तिथे दिवसभर कुणी ना कुणी बसलेलं असतं. आमचा कोपरा बिनधन्याचा होता. धनी नसलेल्या शेतात गुरं शिरतात तसा तिथे कचरा शिरत होता.

भिंतीवर देवांच्या फरशा लावल्या तर लोक थुंकायचं थांबतात ना?

आमच्या भिंतीवरही कुणीतरी लावल्या होत्या. फरशा होत्या तिथे पिचकाऱ्या थांबल्या आणि फरशा संपतात तिथून दोन हातांवर सुरू झाल्या. पुढे तर काही फरशांवरही डाग पडले आणि त्या पुसायची किंवा काढायची कुणाची हिंमत होईना. ज्यांची त्या रूपांवर श्रद्धा आहे त्यांना रोज ये-जा करताना ते पाहावं लागायचं. आम्ही त्या सन्मानाने काढून घेतल्या. देवाला पहाऱ्याला बसवणं आम्हाला पटत नाही, आणि त्याने काम होतं असंही दिसलं नाही.

मग तुम्ही केलं तरी काय?

पहिल्यांदा वही घेऊन पालिकेच्या चौकीवर गेलो आणि मुकादमांना दाखवली. भांडायला गेलो नव्हतो, त्यामुळे बोलणं सरळ झालं. गाडीचा मार्ग उलटा फिरवला तर आमच्या गल्लीत ती सव्वासातला येऊ शकते, असं त्यांनीच सुचवलं. तेवढ्या एका बदलाने सकाळच्या बहुतेक पिशव्या बंद झाल्या. हा बदल मिळायला मात्र तीन महिने आणि बरेच हेलपाटे लागले.

टॉवरच्या कमिटीशी बोलून दुपारी एकपर्यंत कचरा घ्यायचं ठरवलं. घरकाम करणाऱ्या ताईंना तेच हवं होतं. पिशवी हातात घेऊन रस्त्याने जाणं त्यांना तरी कुठे आवडत होतं? दिव्यासाठी अर्ज केला, दिवा लागला.

आणि कोपऱ्याला धनी मिळाला. आमच्याकडे एक मावशी हार-गजरे विकतात. त्या पूर्वी बसस्टॉपजवळ उन्हात बसायच्या. आम्ही कोपरा धुऊन घेतला, भिंतीला चुना लावला आणि मावशींना विचारलं, इथे बसाल का? बाजूच्या दुकानदारांशीही बोललो, कुणाची हरकत नव्हती. पहिल्या दिवशी त्यांनी पाट मांडला, पितळी परातीत झेंडू आणि शेवंती ठेवली, पाणी शिंपडलं. दुपारी एक माणूस सवयीने पिशवी घेऊन आला, परातीपाशी थबकला आणि पिशवी तशीच हातात धरून मागे वळला. मावशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

हे एका फटक्यात झालं असं समजू नका. मावशी गावाला गेल्या की चार दिवसांत पिशव्या परत यायच्या. दिवाळीच्या साफसफाईत तर जुन्या गाद्या येऊन पडल्या. आमच्यातल्या दोघांनी कंटाळून काम सोडलं. साधारण पाच महिन्यांनी कोपरा टिकायला लागला.

आमच्याकडे वरच्या मजल्यांवरून हाऊस गल्लीत कचरा फेकतात. त्यावर काही उपाय?

हाऊस गल्ली हे जुन्या मुंबईचं खास दुखणं. दोन इमारतींमधली ही चिंचोळी बोळ मुळात मैल्याच्या टोपल्या वाहून नेण्यासाठी आणि सांडपाण्यासाठी ठेवलेली. १८९६ साली मांडवीत प्लेग सुरू झाला तेव्हाही अशा अंधाऱ्या, घाणीने भरलेल्या बोळींची चर्चा झाली होती. आज त्यातून सांडपाण्याचे पाइप जातात. वरून पिशवी पडली की ती पाइपाच्या सांध्यावर अडकते, खरकटं सांडतं आणि पाइपावरून उंदीर थेट स्वयंपाकघरात चढतात.

आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरून रोज रात्री एक पिशवी पडायची. सूचना लावल्या, सभेत ओरडाआरडा झाला, काही उपयोग झाला नाही. शेवटी दोघीजणी सरळ त्या दारात गेलो. ऐंशीच्या पुढच्या एक आजी, एकट्या. गुडघे धरलेले. लाकडी जिना उतरायचा म्हणजे त्यांना अर्धा तास लागायचा. त्या म्हणाल्या, "बाळांनो, मला लाज वाटते, म्हणून मी रात्री टाकते." आम्ही काय बोलणार? दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या खोलीतला मुलगा कॉलेजला जाताना आजींची छोटी बादली खाली आणतो. त्या मजल्यावरून पुन्हा पिशवी पडली नाही.

सगळ्यांचीच अडचण अशी असते असं नाही. आळसही असतो. तरी सूचना लावण्याआधी एकदा दार ठोठावून बघा. आणि बोळ एकदा पालिकेकडून पूर्ण साफ करून घ्या. भरलेल्या बोळीत आणखी एक पिशवी टाकताना हात कचरत नाही.

ओला-सुका वेगळा करून काय उपयोग? गाडीत सगळं एकत्रच टाकतात.

असं काही वेळा होतं आणि पाहिलं की राग येतो. गाडीचा क्रमांक आणि वेळ लिहून वॉर्डच्या घनकचरा विभागाला कळवा. पण त्या रागात घरातलं वेगळं करणं सोडू नका, कारण त्याचा मोठा फायदा गाडीच्या आधीच होतो. सुका कचरा कोरडा राहिला तर तो विकला जातो. धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये या शहराचं प्लास्टिक वेगळं होतं, धुतलं जातं, दळलं जातं आणि पुन्हा वापरात येतं. त्याच पुठ्ठ्यावर आमटी सांडली की त्याला कुणी हात लावत नाही आणि तो रस्त्यावर किंवा डम्पिंगला जातो.

कचरा वेचणाऱ्या बायकांचा विचार करा. एकत्र पिशवीत हात घालायचा म्हणजे काच, ब्लेड, कुजलेलं अन्न. स्त्री मुक्ती संघटनेने परिसर विकास या उपक्रमातून मुंबईतल्या अशा अनेक बायकांना एकत्र केलं, वर्गीकरणाचं आणि खताचं काम शिकवलं. आमच्याकडे येणाऱ्या दोघी सुका कचरा दारातून घेऊन जातात. त्यांना आम्ही नावाने ओळखतो, त्याही घराघराला ओळखतात. कुणाच्या पिशवीत काय मिसळलंय ते त्या स्पष्ट सांगतात.

एक बारीक गोष्ट. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. पिशवी धुऊन वाळवली तर भंगारवाला घेतो, पण तो नखाएवढा तुकडा कुणीच उचलत नाही. जाळीतल्या त्या गोधडीत असे किती तुकडे होते, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मोठ्या सोसायट्यांबद्दल: २०१६ च्या केंद्राच्या घनकचरा नियमांनी रोज १०० किलोहून जास्त कचरा करणाऱ्यांवर वेगळी जबाबदारी टाकली, आणि २०१७ मध्ये महापालिकेने अशा संकुलांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. तुमच्या सोसायटीत खताची मशीन धूळ खात पडली असेल तर ती आधी सुरू करा.

सॅनिटरी पॅड, डायपर, औषधाच्या सुया कशा द्यायच्या?

पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळे. इन्सुलिनच्या सुया आणि ब्लेड जाड प्लास्टिकच्या बाटलीत झाकण घट्ट लावून, आणि देताना तोंडाने सांगून. आमच्या एका कामगाराच्या तळहातात पिशवीतली सुई घुसली होती. पुढचे कित्येक महिने त्यांना तपासण्या कराव्या लागल्या आणि घरी कुणाला काही सांगता येत नव्हतं. ती सुई आमच्याच गल्लीतल्या कुठल्यातरी घरची होती.

फेरीवाले आणि टपऱ्यांमुळे घाण होते. त्यांना हटवायला नको का?

आम्हाला तसं वाटत नाही. वडापावच्या गाडीजवळ पडलेला कागद गाडीवाल्याने टाकलेला नसतो, खाणाऱ्याने टाकलेला असतो. फरक एवढ्याने पडतो की डबा कुठे आहे. आमच्याकडे डबा गाडीच्या मागे होता. तो गिऱ्हाईक उभं राहतं त्या बाजूला, हात पोचेल असा ठेवायला सांगितला, आणि गाडीवाल्या दादांनी ते लगेच केलं. शहाळेवाल्यांशी ठरवलं की रिकामी शहाळी गोणीत भरून ठेवायची आणि सकाळच्या गाडीला द्यायची. ज्यांचा धंदा त्या जागेवर आहे, त्यांना ती जागा स्वच्छ राहिलेली हवीच असते.

ठिकठिकाणी कचराकुंड्या ठेवल्या तर प्रश्न सुटेल?

रोज वेळेवर रिकामी होणारी कुंडी उपयोगी. न होणारी कुंडी म्हणजे नव्या ढिगाचं निमंत्रण. आधी कोण आणि कधी रिकामी करणार ते ठरवा.

गणपतीच्या दिवसांत काय करायचं? तेव्हा तर काहीच हातात राहत नाही.

लालबागमध्ये राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. दहा दिवस दिवसरात्र माणसांचा पूर असतो. पाण्याच्या बाटल्या, प्रसादाचे द्रोण, चपला, सगळं रस्त्यावर येतं. आमच्या मंडळाच्या मुलांनी गेली काही वर्षं एक रीत ठेवली आहे: रांगेत उभ्या माणसांजवळ गोणी घेऊन कार्यकर्ताच फिरतो. लोकांनी डबा शोधत जायचं, ही अपेक्षा गर्दीत चालत नाही. प्रसाद पानाच्या द्रोणात. बाटल्या वेगळ्या गोळा करून भंगारात दिल्या की मुलांच्या चहापाण्याचा खर्च निघतो.

निर्माल्य कलशातच टाका. त्याचं खत होतं. पण पिशवीतून बाहेर काढून टाका. पिशवीसकट टाकलं तर कामगारांना प्रत्येक पिशवी हाताने फोडावी लागते.

आणि कृपा करून लोकलमधून खाडीत काहीही टाकू नका. भाईंदर-नायगाव दरम्यानच्या खाडीपुलावरून पाणजू बेटावरची माणसं पायी ये-जा करतात. २०२५ मध्ये तिथे चालत्या लोकलमधून फेकलेला नारळ डोक्यात लागून एका तरुणाचा जीव गेला. ज्याने तो नारळ टाकला, त्याने बहुधा हात जोडूनच टाकला असेल. त्याला कदाचित आजही माहीत नसेल.

समुद्रात गेलेला कचरा वाहून जातो ना?

साडेचार मीटरच्या वर भरती आली की दुसऱ्या दिवशी मरीन ड्राइव्हच्या कठड्यापाशी जाऊन उभे राहा. समुद्राने परत आणून दिलेल्या चपला, बाटल्या, पिशव्या पालिकेचे कामगार गोळा करत असतात.

जे परत येत नाही ते कोळ्यांच्या जाळ्यात जातं. डोल हे पिशवीसारखं जाळं प्रवाहाच्या तोंडाशी बांधून ठेवतात, प्रवाहाबरोबर मासळी आत येते. आता मासळीबरोबर प्लास्टिक येतं. बोंबील, जवळा आणि त्यात गुंतलेल्या पिशव्या. ते निवडण्यात कोळणींचा वेळ जातो आणि तेवढ्यात मासळीचा ताजेपणाही.

वर्सोव्याचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या वकिलांनी तिथला किनारा साफ करायला सुरुवात केली, माणसं जोडली गेली, २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला, आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे गेली. मला त्यात कासवांइतकंच महत्त्वाचं वाटतं ते हे, की ती माणसं आठवड्यामागून आठवडे जात राहिली. एका रविवारी हातमोजे घालून फोटो काढणाऱ्या मोहिमा आम्हीही केल्या आहेत. सोमवारी किनारा पुन्हा तसाच होता, कारण नाल्यांतून येणारा कचरा थांबला नव्हता.

पालापाचोळा आणि कचरा तिथेच जाळून टाकला तर?

नको. प्लास्टिक जळताना निघणारा धूर आधी शेजारच्या बाळाच्या आणि दमेकऱ्याच्या छातीत जातो, आणि उघड्यावर कचरा जाळण्याला बंदीही आहे. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचं डम्पिंग ग्राउंड पेटलं, तेव्हा कित्येक दिवस धूर होता, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तिथे १९२७ पासून कचरा पडतो आहे. ओला कचरा ढिगाखाली हवेशिवाय कुजला की मिथेन तयार होतो आणि ठिणगी मिळाली की पेटतो. आपल्या घरचं भाजीचं देठ मिसळून गेलं, तर त्याचाही त्यात वाटा असतो.

प्लास्टिकवर बंदी आहे, तरी पिशव्या मिळतातच. मग?

महाराष्ट्रात जून २०१८ पासून बंदीची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार, दुसऱ्याला १० हजार, तिसऱ्याला २५ हजार रुपये आणि तुरुंगवास. तरी बाजारात पिशवी मिळते, हे आपण सगळे बघतो. आमच्या भाजीवाल्या काकांचं म्हणणं असं की गिऱ्हाईक पिशवी मागतं आणि नाही म्हटलं की पुढच्या गाडीवर जातं. आम्ही जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून त्यांच्या गाडीवर टांगून ठेवल्या. घेऊन जा, पुढच्या वेळी परत आणा. बऱ्याच परत येतात.

दंड लावला तर लोक सुधारतील का?

महापालिकेच्या २००६ च्या स्वच्छतेच्या उपविधींत, म्हणजे नियमांत, रस्त्यावर कचरा टाकणं आणि थुंकणं यासाठी २०० रुपये दंड होता. रात्री टेम्पोने बांधकामाचं डेब्रिज ओतणाऱ्यांवर कडक कारवाई हवीच. तिथे आम्ही फोटो काढतो, गाडीचा क्रमांक देतो. पण शेजाऱ्याला दंड करवला की तो कोपरा बदलतो, सवय बदलत नाही.

समोर कुणी कचरा टाकताना दिसलं तर काय बोलायचं?

"दादा, तुमचं काहीतरी पडलं." एवढंच. आवाज न चढवता, खरंच काही पडल्यासारखं. बहुतेक माणसं वाकून उचलतात. कुणी रागावलं तर वाद न घालता स्वतः उचला.

फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. आम्ही ती चूक केली आहे. एका मुलाचा पिशवी टाकतानाचा फोटो चाळीच्या ग्रुपवर गेला. वडील आजारी, आई रुग्णालयात त्यांच्याजवळ, आणि घरातलं सगळं तो चौदा वर्षांचा मुलगा बघत होता. ते आम्हाला नंतर कळलं. आम्ही घरी जाऊन माफी मागितली. त्या माऊलीने चहा केला, पण तो मुलगा आमच्यासमोर आला नाही. कित्येक महिने तो गल्लीतून मान खाली घालून जायचा.

आमच्याकडे चारच माणसं तयार आहेत. सुरुवात कुठून करू?

चार पुष्कळ झाली. आम्ही तिघं होतो. एकच कोपरा निवडा, सगळी गल्ली नको. आठ दिवस नुसतं बघा. मग चौकीवर जा. वॉर्ड ऑफिसात एएलएम, म्हणजे प्रगत परिसर व्यवस्थापनाची चौकशी करा. १९९० च्या दशकाच्या अखेरीस घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांच्या कामातून ही कल्पना पुढे आली आणि पालिकेने ती शहरभर नेली. नोंदणी असली की तुमच्या पत्राला उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. वस्तीत राहत असाल तर वॉर्डमध्ये वस्ती स्वच्छतेच्या योजनेबद्दल विचारा.

तुमचा कोपरा येऊन बघता येईल का?

जरूर या. सकाळी सव्वासातला या, म्हणजे गाडी आलेली असते आणि मुकादमांशीही बोलता येईल. मावशी आठपर्यंत परात मांडतात. सोमवारी येऊ नका, त्या दिवशी त्या दादरला घाऊक फुलं आणायला जातात आणि उशिरा येतात. तोवर त्यांच्या पाटावर आमच्यापैकी कुणीतरी बसलेलं असतं.